अमेझॉन क्रिप्टो घेणार म्हणून बाबा एफडी मोडायला निघालेत, बातमी खरी आहे का?

मुलुंडची_स्नेहा

नमस्कार मंडळी, लोकलमधून टाइप करतेय, चुका समजून घ्या.

विषय असा आहे की बाबा मागच्या वर्षी रिटायर झाले, पीएफ ग्रॅच्युइटीचे पैसे तीन एफडीत ठेवलेत आणि त्यातली तीन लाखांची एक आता मोडायची म्हणतायत. कारण त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आलंय, की अमेझॉन दिवाळीपासून बिटकॉइन घेणार आणि सोबत स्वतःचं टोकन, म्हणजे बिटकॉइनसारखं डिजिटल नाणं, पण काढणार, आणि लाँचच्या आधी जे टोकन घेतील त्यांचे तिप्पट होणार. खाली एका इंग्रजी पेपरच्या कात्रणाचा फोटो, लोगो बिगो सगळं व्यवस्थित. बी विंगमधल्या एका काकांनी ऑलरेडी घेतलंय आणि त्यांना अॅपमध्ये रोज पैसे वाढलेले दिसतात म्हणे.

मी नको म्हटलं तर बाबा म्हणाले, तुम्ही पोरं सगळं मोबाइलवर करता ते चालतं आणि मी केलं की फ्रॉड. मला फार लागलं ते. आयुष्यभर एक रुपया वायफळ खर्च न केलेला माणूस आहे, त्यांना वेड्यात काढायचं नाहीये मला. फक्त नीट माहिती हवीय, ही बातमी खरी आहे का, आधी कधी असं झालंय का, आणि त्यांच्याशी बोलू कसं. एफडी मोडायला सोमवारी बँकेत जाणार आहेत.

बीकेसी_रोजची_वारी

स्नेहा, आधी सरळ उत्तर. अमेझॉनच्या इथल्या साइटवर पैसे भरताना यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग, त्यांचं स्वतःचं पे बॅलन्स, कॅश ऑन डिलिव्हरी असे पर्याय येतात, क्रिप्टो नाही. आणि "अमेझॉन टोकन" असं काही कंपनीने काढलेलं नाही. त्या नावाने खोट्या साइट मात्र २०२१ पासून फिरतायत, त्यांचा ठरलेला साचा आहे, लाँचच्या आधी घ्या, इतकेच टोकन उरले, वर उलटं चालणारं घड्याळ. बाबांना ती लिंक अजिबात उघडू देऊ नकोस, निदान पैसे टाकण्यापुरती तरी.

मी पेमेंटच्या धंद्यात बारा वर्षं आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण ही अफवा तुझ्या बाबांच्या ग्रुपवर आभाळातून पडलेली नाही, तिला मूळ आहे.

जुलै २०२१ मध्ये अमेझॉनने एक नोकरीची जाहिरात टाकली होती, डिजिटल करन्सी आणि ब्लॉकचेनसाठी प्रॉडक्ट लीड पाहिजे म्हणून. जाहिरात खरी होती. त्यानंतर लंडनच्या सिटी ए.एम. नावाच्या पेपरने २५ जुलैला, रविवारी, बातमी दिली की कंपनीतल्या एका नाव न सांगितलेल्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे वर्ष संपायच्या आत अमेझॉन बिटकॉइन घेणार आणि २०२२ मध्ये स्वतःचं टोकन पण आणायचा विचार आहे. झालं, बिटकॉइन ३५ हजार डॉलरच्या आसपास होता तो दुसऱ्या दिवशी ४० हजाराला टेकला. मग कंपनीने स्वतः सांगितलं की या क्षेत्रात आम्हाला रस आहे पण आमच्या प्लॅनबद्दल जे बोललं जातंय ते खरं नाही, आणि भाव खाली.

यात खोटं पूर्ण खोटं नव्हतं बघ. जाहिरात खरी, पेपर खरा, "रस आहे" हेही खरं. आणि मधे एका निनावी माणसाचं एक वाक्य. अशी अर्धी खरी गोष्ट पकडायला फार कठीण जाते, शिकल्यासवरलेल्यांना पण. तुझ्या बाबांना आलेल्या मेसेजमध्ये "बिटकॉइन घेणार आणि स्वतःचं टोकन काढणार" ही जी जोडी आहे ना ती मला थेट त्या बातमीतून उचललेली वाटते.

परळ_नाइटशिफ्ट

२६ जुलै २०२१. मुंबईकराला २६ जुलै तशीही विसरता येत नाही पण माझ्यासाठी ती आता दोनदा लक्षात राहणारी तारीख आहे.

आजवर हे बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, स्नेहाचं वाचून लिहावंसं वाटलं. तेव्हा अंधेरीला नाइट शिफ्ट होती, लॉकडाऊनमुळे घरूनच. सोमवारी बघतो तर सगळीकडे अमेझॉन अमेझॉन. माझ्याकडे १ लाख ८० हजार होते, भावाच्या लग्नासाठी बाजूला काढलेले. एका परदेशी एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवर, वीसपट उधारीवर बिटकॉइन घेतलं, भाव तेव्हा साडे-एकोणचाळीस हजाराच्या आसपास होता. वीसपट म्हणजे काय तर भाव पाच टक्के वर गेला की पैसे दुप्पट, आणि पाच टक्के खाली आला की खेळ खलास. मला पहिला अर्धाच भाग दिसत होता.

कंपनीने नाही म्हटल्यावर भाव ३७ हजाराच्या खाली आला, आणि माझा सौदा त्याच्या आधीच एक्स्चेंजने आपोआप बंद केलेला. सकाळी सहाला फोन बघितला तर शिल्लक शून्य.

पुढचं ऐका. दोन दिवसांत बिटकॉइन परत ४० हजाराच्या वर गेला. म्हणजे ज्याने साधं विकत घेऊन ठेवलं होतं त्याचं काहीच गेलं नाही, आणि माझं सगळं गेलं कारण मी उधारीवर होतो. अफवेने नाही मारलं मला, अफवेवर मी जी घाई केली तिने मारलं. भावाला मी अजून खरं कारण सांगितलेलं नाही, ऑफिसने पगार अडवला असं सांगून मित्राकडून उसने घेतले आणि दीड वर्षं फेडले.

स्नेहा, बाबांना हे वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

मुलुंडची_स्नेहा

@परळ_नाइटशिफ्ट, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, खूप खूप धन्यवाद. नक्की वाचून दाखवेन.

निखिल_डोंबिवली

सगळ्यांचा आदर ठेवून एक मुद्दा, नाहीतर असं वाटेल की मोठ्या कंपन्या क्रिप्टो घेतात ही कायम अफवाच असते. तसं नाहीये. ओव्हरस्टॉक या अमेरिकन ऑनलाइन दुकानाने जानेवारी २०१४ मध्ये बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी सव्वा लाख डॉलरच्या वर ऑर्डरी आल्या होत्या. त्याच वर्षी एक्सपीडियाने हॉटेल बुकिंगला, डेलने कॉम्प्युटरला, मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑनलाइन स्टोअरला. टेस्लाने मार्च २०२१ मध्ये गाडीसाठी. पेपालने त्याच महिन्यात अमेरिकेत क्रिप्टोने चेकआउट चालू केलं. या अफवा नाहीत, घडलेल्या गोष्टी आहेत. मी २०१६ पासून थोडं थोडं घेतोय, उधारीवर कधीच नाही, आणि मला या तंत्रज्ञानावर मनापासून विश्वास आहे. दर वेळी "क्रिप्टो म्हणजे फ्रॉड" म्हटलं की वाईट वाटतं, कारण त्याने खरा फ्रॉड करणारे उलट लपून जातात.

बीकेसी_रोजची_वारी

@निखिल, तुझी यादी बरोबर आहे, एकही गोष्ट खोटी नाही. पण पुढे काय झालं ते पण लिहायला हवं ना.

एक म्हणजे यातल्या बहुतेक कंपन्यांनी स्वतः बिटकॉइन हातात घेतलंच नाही. मधे कॉइनबेस किंवा बिटपे सारखी कंपनी असायची, गिऱ्हाईक बिटकॉइन त्यांना देणार, ते तिथल्या तिथे डॉलर करून दुकानाला देणार. दुकानाच्या खात्यात डॉलरच. आपण दुबईहून आलेल्या पाहुण्याकडून दिरहम घेऊन मनी चेंजरकडे रुपये करून घेतो आणि तेच वाण्याला देतो, म्हणून वाणी दिरहम घेतो असं आपण म्हणत नाही. टेस्लाने मात्र आलेलं बिटकॉइन ठेवून घेणार असं जाहीर केलं होतं, ते वेगळं. ओव्हरस्टॉकनेही थोडा भाग ठेवला होता.

दुसरं, किती टिकलं. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या साइटवर, एप्रिल २०१६ ला चालू झालं तेव्हा एका व्यवहाराची फी वीस सेंटच्या आसपास होती, डिसेंबर २०१७ ला बंद केलं तेव्हा ती वीस डॉलरपर्यंत गेली होती. वीस डॉलरच्या गेमला वीस डॉलर फी, कोण देणार सांग. शिवाय व्यवहार पक्का व्हायला वेळ, तेवढ्यात भाव हलला की गिऱ्हाइकाकडून वरचे पैसे मागा नाहीतर परत करा आणि परत करायला पुन्हा फी. स्ट्राइपने, म्हणजे दुकानांसाठी ऑनलाइन पेमेंट घेणाऱ्या कंपनीने, पण याच कारणांनी एप्रिल २०१८ मध्ये बंद केलं. टेस्लाने २४ मार्च २०२१ ला चालू केलं आणि १२ मेला थांबवलं, कोळशावरच्या विजेचं कारण देऊन. सात आठवडे.

हे काही कोणाचं कारस्थान नाही, बिटकॉइनची रचनाच तशी आहे. एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, साधारण दहा मिनिटांनी बनतो आणि सेकंदाला सातेक व्यवहार मावतात. चर्चगेटला संध्याकाळी सहाला येणारी सगळी गर्दी एका डब्यात चढवायची म्हटलं तर काय होईल, चढायला बोली लागेल. ती बोली म्हणजे फी. छोटे व्यवहार बाहेरच्या बाहेर झटपट करणारं लायटनिंग वगैरे उपाय आहेत त्यावर, पण ते २०१७ ला लोकांच्या हातात नव्हते.

निखिल_डोंबिवली

फीचं मान्य. २०१७ च्या डिसेंबरला मी स्वतः दोन हजाराचं ट्रान्स्फर करायला बाराशे भरले होते.

जुनी_डेस्क

मी एकवीस वर्षं पेपरात डेस्कवर काढली, म्हणून कात्रणाबद्दल लिहिते.

स्नेहा, कात्रणाचा फोटो हा पुरावा नसतो. आता पाच मिनिटांत कुठल्याही पेपरचं पान बनवता येतं. पण त्याहून भारी उदाहरण सांगते ज्यात खऱ्या वृत्तसंस्था फसल्या.

१३ सप्टेंबर २०२१. ग्लोबन्यूजवायर ही प्रेस रिलीज पाठवणारी मोठी सेवा, कंपन्या तिच्यावरूनच घोषणा करतात. तिच्यावर वॉलमार्टच्या नावाने रिलीज आलं की १ ऑक्टोबरपासून आम्ही लाइटकॉइन, म्हणजे बिटकॉइनसारखंच दुसरं एक क्रिप्टो, घेणार. रॉयटर्स, सीएनबीसीपर्यंत बातमी गेली. लाइटकॉइन फाउंडेशनच्या स्वतःच्या ट्विटर अकाउंटने पण ते शेअर केलं आणि मग काढून टाकलं. काही मिनिटांत लाइटकॉइन तीस टक्क्यांच्या आसपास उडाला. मग वॉलमार्टने सांगितलं की हे आमचं नाहीच, आणि जितक्या वेगाने चढला तितक्याच वेगाने उतरला. कोणीतरी खोटं अकाउंट बनवून ते रिलीज टाकलं होतं.

डेस्कवर बसणाऱ्याला काय खटकायला हवं होतं? रिलीजमध्ये संपर्काचा जो ईमेल होता त्याचं डोमेन वॉलमार्टचं नेहमीचं नव्हतं, मागे "कॉर्प" जोडलेलं नवंच, महिनाभरापूर्वी रजिस्टर केलेलं. एक फोन वॉलमार्टच्या प्रेस ऑफिसला केला असता तर संपलं असतं. आम्हाला शिकवलेलं की बातमी ज्याच्याबद्दल आहे त्याला फोन करा, ज्याने बातमी आणली त्याला नाही. पण समोरचा दुसरा पेपर आधी लावेल या भीतीने तो एक फोन राहतो. मी पण केल्यात अशा चुका, क्रिप्टोत नाही, पण केल्यात, आणि दुसऱ्या दिवशी खुलासा छापताना मान खाली जाते.

तर तुझ्या बाबांना सांगायची सोपी युक्ती. मेसेजमधल्या लिंकवर जायचं नाही, मोबाइलमधलं नेहमीचं अमेझॉनचं अॅप उघडायचं आणि त्यात शोधायचं. एवढी मोठी कंपनी दिवाळीपासून नवीन पैसे घेणार असेल तर स्वतःच्या अॅपवर पहिल्या पानावर भोंगा लावून सांगेल. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपला गुपचूप का सांगेल?

गिरगाव_चौपाटी

जुनी_डेस्क ताई, शेवटचं वाक्य बाबांच्या ग्रुपवर डकवून द्यायला हवं.

आजोबा_लोअरपरेल

माझे वय ७४. क्रिप्टो मला कळत नाही, पण हा प्रकार कळतो, म्हणून लिहितो.

आमच्या गिरणगावात मटका कसा सुरू झाला हे आज फार जणांना ठाऊक नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात कापसाचा भाव उघडताना काय आणि बंद होताना काय, ते तारेने मुंबईत यायचे आणि त्या आकड्यांवर इथे लोक पैसे लावायचे. न्यूयॉर्क कोणी पाहिलेले नव्हते. पुढे तिकडून भाव येणे बंद झाले तर आकडा बंद पडला का? नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, पुढे पत्त्यांतून. कारण लोकांना कापसाशी देणेघेणे नव्हतेच, लांबून येणाऱ्या आकड्याशी होते. माझे वडील साच्यावर होते, पगाराच्या दिवशी आई गिरणीच्या गेटवर जाऊन उभी राहायची, घरी येईपर्यंत पाकिटात काय राहील याची खात्री नसायची.

स्नेहाताई, तुमच्या वडिलांना मी दोष देणार नाही. रिटायर झाल्यावर माणसाला वाटते आपण आता कमवत नाही, घरात आपला शब्द हलका झाला. एकदा काहीतरी करून दाखवावे वाटते. मलाही वाटले होते. त्यांच्याशी बोलताना पैशाचे आधी बोलू नका, त्यांना चहा करून द्या आणि त्यांचे आधी ऐका.

मुलुंडची_स्नेहा

आजोबा, डोळ्यात पाणी आलं. मी त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्हाला हे का करावंसं वाटतंय, थेट नको म्हटलं.

सीए_अनघा

टॅक्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, रिटर्न भरायच्या सीझनला माझ्याकडे ठाण्यातले निम्मे तरुण हाच घोळ घेऊन येतात.

समजा उद्या खरोखर एखाद्या मोठ्या साइटने इथे क्रिप्टो घेतलं, तरी आपल्याला काय पडेल बघा. तुम्ही १० हजाराचं बिटकॉइन घेतलं, ते १५ हजाराचं झालं आणि त्याने तुम्ही १५ हजाराचा मिक्सर आणि डब्यांचा सेट घेतला. तुम्हाला वाटतं खरेदी केली. कायद्याच्या नजरेत तुम्ही क्रिप्टो विकलं आणि ५ हजार कमावले. त्यावर ३० टक्के म्हणजे १५०० आणि वर ४ टक्के सेस, झाले १५६०. १ एप्रिल २०२२ पासून हा नियम आहे. शिवाय १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. आणि एका कॉइनमध्ये तोटा झाला तर दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी पण नेता येत नाही. म्हणजे दर वेळी किराणा घेताना किती भावाने घेतलेलं कॉइन किती भावाने गेलं याची वही ठेवायची. कोण ठेवणार?

बंदी आहे का, तर नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारात सेवा द्यायला मनाई केली होती, ती ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने रद्द केली. पण चलन म्हणून मान्यता पण नाही. ठेवायला मोकळीक, कमावलं तर कर भरा. "सरकारने टॅक्स लावला म्हणजे मान्यता दिली" हे वाक्य फॉरवर्डमध्ये हमखास असतं, ते चूक आहे.

गोरेगाव_फ्रीलान्सर

मी स्वतः क्रिप्टोत पेमेंट घेतलेलं आहे म्हणून सांगतो, सोपं वाटतं तेवढं नाहीये. मोशन ग्राफिक्स करतो, बाहेरचे दोन क्लायंट होते, बँकेतून पाठवलं की चार दिवस आणि फी कापून यायचं, तर ते म्हणाले यूएसडीटी घे, डॉलरला बांधलेलं कॉइन आहे, भाव हलत नाही. घेतलं. दहा मिनिटांत पैसे, वा म्हटलं, हेच पाहिजे होतं.

मग ते रुपये करायला एका समोरच्या माणसाला विकले, पीटूपी म्हणतात ते, त्याने माझ्या खात्यात ४२ हजार टाकले, मी कॉइन सोडले. अकरा दिवसांनी खातं फ्रीज. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस आहे, तुमच्या खात्यात आलेले पैसे फसवणुकीतले आहेत. म्हणजे मला कॉइनचे पैसे देणाऱ्याने ते कुठल्यातरी फसलेल्या माणसाकडून थेट माझ्या खात्यात वळवले होते. कदाचित स्नेहाच्या बाबांसारखाच कोणीतरी असेल तो. नऊ आठवडे खातं बंद, घराचा हप्ता बाउन्स, मेल, फोन, शेवटी वकील केला तेव्हा सुटलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आता मुकाट्याने बँकेतून घेतो, चार दिवस तर चार दिवस.

ऋत्विक_पवई

मी यावरच काम करतो म्हणून एक भर. मोठ्या कंपन्यांना क्रिप्टोत रस का असतो याचं कारण बघा, अफवा आपोआप समजायला लागतील.

अमेरिकेत दुकानदार कार्डच्या प्रत्येक व्यवहारावर दोन ते तीन टक्के सोडतो. वॉलमार्ट अमेझॉनच्या आकाराला ते अब्जावधी डॉलर होतात. म्हणून त्यांना बिटकॉइन नकोय, त्यांना कार्डवाल्यांना टाळायचंय. जून २०२५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की दोघेही स्वतःचं डॉलरला बांधलेलं कॉइन काढायचा विचार करतायत, आणि १८ जुलै २०२५ ला तिकडे अशा कॉइनसाठी कायदा झाला, जीनियस अॅक्ट. पेपालचं स्वतःचं कॉइन ऑगस्ट २०२३ पासून आहेच. ऑनलाइन दुकानं चालवायची सोय देणाऱ्या शॉपिफायने २०२५ मध्ये यूएसडीसी, हेही डॉलरला बांधलेलं कॉइन, घ्यायची सोय चालू केली. म्हणजे दिशा खरी आहे, निखिलचं म्हणणं मी उडवून लावणार नाही.

पण यातला धडा स्नेहाच्या बाबांसाठी असा की डॉलरला बांधलेलं कॉइन आज एक डॉलर, उद्या एक डॉलर. तिप्पट होतच नाही, न होणं हेच त्याचं काम आहे. म्हणजे उद्या अमेझॉनने खरोखर टोकन काढलं तरी ते बहुतेक असलंच असेल, आणि "आधी घ्या तिप्पट होईल" हे त्याच्या बाबतीत शक्यच नाही.

आणि आपल्याकडे तर तो कार्डच्या फीचा प्रश्नच तसा उरलेला नाही. यूपीआय २०१६ ला आलं, आणि जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला फी शून्य. दादरला फुलवालीकडे दहा रुपयाची वेणी घेतली तरी तिच्या डब्याचा आवाज येतो की दहा रुपये मिळाले. हे चालतंय तर इथे अमेझॉनला क्रिप्टो आणायची घाई का असेल? रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया पण १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसकट चार शहरांत सुरू झाला, फोर्टात त्यांच्या ऑफिससमोरच्या फळवाल्याने पण घ्यायला सुरुवात केली होती. तरी किती जणांच्या मोबाइलमध्ये आहे तो? जे आधीच सोपं आहे ते सोडून लोक उठत नाहीत.

निखिल_डोंबिवली

@ऋत्विक, हा मुद्दा पटला. मी इतकी वर्षं क्रिप्टो ठेवून आहे आणि त्याने कधी काही विकत घेतलं नाही हे आत्ता तुझं वाचताना लक्षात आलं. चहा पण नाही. सगळं यूपीआयने.

मुलुंडची_स्नेहा

मंडळी, काल रात्री बोलले बाबांशी. सांगते सगळं, लांब होईल.

आजोबांनी म्हटलं तसं चहा केला आणि फक्त विचारलं की बाबा तुम्हाला हे का घ्यावंसं वाटतंय. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुझ्या लग्नाला कर्ज काढलं होतं ते तू फेडतेयस हे मला माहितीये. मला वाटलं होतं त्यांना माहिती नाही. ईएमआय माझ्या खात्यातून जातो आणि मी आईला पण सांगितलं नव्हतं. तर हे सगळं त्यासाठी चाललं होतं.

मग परळच्या दादांची पोस्ट वाचून दाखवली, ती त्यांनी दोनदा वाचली, चष्मा लावून. मग आम्ही दोघांनी मिळून ती साइट माझ्या जुन्या फोनवर उघडली, ज्यात बँकेचं काही नाही. वर घड्याळ होतं, ऑफर संपायला १ तास ५८ मिनिटं. बाबा म्हणाले, बघ, म्हणून मी घाई करत होतो. मी म्हटलं आपण हे बंद करून परत उघडू. परत उघडली तर पुन्हा १ तास ५८ मिनिटं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः उघडली. पुन्हा तेच. फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

एफडी मोडत नाहीयेत. पण परत आत आल्यावर म्हणाले की गेल्या गुरुवारी १५ हजार पाठवलेत, "बुकिंग" म्हणून, यूपीआयने. कोणाला, तर कंपनीच्या नावाने नाही, कुठल्यातरी माणसाच्या नावावर. आणि बी विंगच्या काकांनी दीड लाख टाकलेत, अॅपमध्ये साडेचार लाख दिसतात त्यांना, पण काढायला गेले तर आधी टॅक्स भरा म्हणून अजून ४० हजार मागतायत. काका ते भरणार होते.

सीए_अनघा

भरू देऊ नका!! काढायच्या आधी टॅक्स भरा असं कुठलंही खातं म्हणत नाही. टॅक्स सरकारला जातो, तुमच्या रिटर्नमधून नाहीतर टीडीएस कापून, समोरच्याच्या यूपीआयवर कधीच नाही. काकांना आत्ताच्या आत्ता सांगा.

बीकेसी_रोजची_वारी

स्नेहा, आधी १९३० ला फोन लाव, बाबांकडून आणि काकांकडून वेगवेगळा, मग पुढचं वाच. सायबर फ्रॉडची हेल्पलाइन आहे. तक्रार जितकी लवकर तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जायची शक्यता जास्त. गुरुवारचे म्हणजे थोडा उशीर झालाय पण तरी कर. सोबत नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर पण ऑनलाइन तक्रार टाकता येते. आणि बाबांच्या बँकेला पण लेखी कळव.

परळ_नाइटशिफ्ट

आणि तो ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायला लावू नका कोणाला, लाज वाटून लोक पहिलं तेच करतात.

मुलुंडची_स्नेहा

१९३० लागला, दोघांच्या तक्रारी घेतल्या, नंबर मिळाले. काकांना बाबांनीच जाऊन सांगितलं, मी गेले असते तर ऐकलं नसतं बहुतेक. काकू रडत होत्या, त्यांना दीड लाखाचं काहीच माहिती नव्हतं. ४० हजार वाचले.

बाबांनी मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर स्वतः लिहिलं, माझ्याकडून टाइप नाही करून घेतलं. "मी पंधरा हजार घालवले, घड्याळ परत परत तेच दाखवते, तुम्ही पण बघा." अजून तीन जणांनी पैसे टाकलेत असं त्यानंतर कळलं. उद्या सकाळी बाबा, काका आणि ते तिघं मिळून पोलीस स्टेशनला जाणार आहेत. सोबत काय काय न्यायला लागेल, कोणाला माहिती आहे का?

गोरेगाव_फ्रीलान्सर

मला सगळं तोंडपाठ आहे आता. ज्या खात्यातून पैसे गेले त्याचं स्टेटमेंट, त्यात तो व्यवहार पेनाने खूण करून. यूपीआय अॅपमधली पावती, तिच्यावर बारा आकडी यूटीआर नंबर असतो तो सुटा कागदावर लिहून न्या, समोरचे तोच पहिला मागतात. ज्याला पाठवले त्याचा यूपीआय आयडी आणि दिसणारं नाव. व्हॉट्सॅप चॅटचे स्क्रीनशॉट, त्यात नंबर दिसला पाहिजे, सेव्ह केलेलं नाव नाही. साइटचा पत्ता पूर्ण, आणि ती बंद व्हायच्या आत आज रात्रीच तिचे पण स्क्रीनशॉट काढून ठेवा. १९३० चा तक्रार नंबर. आधार आणि पासबुकची झेरॉक्स प्रत्येकाची दोन दोन, आजच काढा, सकाळी दुकान उघडेपर्यंत थांबू नका. आणि पाचही जणांनी आपापला अर्ज वेगळा द्या, एकत्र एकच दिला तर कोणाचे किती यात घोळ होतो.

मुलुंडची_स्नेहा

लिहून घेतलं सगळं. बाबा झेरॉक्स काढायला खाली गेलेत, काकांची पण घेऊन.